मशीनला टेकलेली खाट

बकुळामावशीच्या घरात शिलाई मशीन आणि तिच्या नवऱ्याची, यादवमामांची, लोखंडी खाट एकमेकांना चिकटून होती. हौस म्हणून नव्हे, जागा नव्हती म्हणून. खोली एकच. एका भिंतीला स्वयंपाकाचा ओटा, दुसऱ्या भिंतीला कपाट, कपाटावर बुद्धाची पांढरी मूर्ती, आणि उरलेल्या जागेत ही दोन लोखंडं. खाटेचा पायाकडचा गज मशीनच्या स्टँडला टेकलेला असे. मावशीने पायडल मारायला घेतलं की त्याची थरथर स्टँडमधून गजात जाई, गजातून खाटेत, आणि खाटेतून झोपलेल्या मामांच्या अंगात.

आम्ही शेजारी. दोन्ही घरांना मिळून एकच पडवी. एम.ए. झाल्यावर मी घरीच होते आणि दुपारच्या वेळी मावशीकडे जाऊन बसत होते. हुक लावणं, दोरे कापणं, काजं करणं एवढं मला जमायचं. तिचं बोलणं कमी आणि माझंही. त्यामुळे आमचं बरं चालायचं.

यादवमामांनी धामणकर नाक्याजवळच्या एका लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यात एकोणतीस वर्षं काढली. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. रातपाळीच्या आठवड्यात ते सकाळी आठला घरी येत, भाकरी खात आणि खाटेवर आडवे होत. त्याच वेळी मावशी मशीनवर बसे. दुसऱ्यांच्या घरी रातपाळीवाला झोपला की पोरांना दटावून गप्प करतात. इथे उलटं होतं. मशीन चालू असेपर्यंत मामा गाढ झोपत. बॉबिन संपून मावशी जरा थांबली की डोळे उघडून बघत, ती दिसली की पुन्हा मिटून घेत.

चोवीस लूम एका छपराखाली खडखडत असले की माणसाचे कान एकदम जात नाहीत. हळूहळू जातात. आधी कुकरची शिट्टी गेली, मग दारावरची थाप, मग मुलाचा आवाज. कारखाना सोडला तेव्हा मामांना जवळ जाऊन, तोंडासमोर तोंड आणून बोलावं लागत होतं. आणि स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्याने ते स्वतः फार मोठ्याने बोलत. म्हणून मग त्यांनी बोलणंच कमी केलं.

दिवसा झोपायची सवय मात्र कारखाना सुटल्यावरही राहिली. आणि मशीन त्यांना कळत होतं. खाटेवर पडल्या पडल्या ते सांगत, आज लांब शिवण चाललीय, परकर असेल. आज तुकडे तुकडे चाललंय, बाही लावतेय. मावशीने पायडलला दोन आखूड झटके दिले की जेवायला वाढलं आहे. एक लांब झटका देऊन थांबली की दारात कुणी आलं आहे. हे त्यांनी कधी बसून ठरवलं नव्हतं. तीस वर्षांत आपोआप होत गेलं होतं.

मावशीच्या उजव्या गुडघ्याचं दुखणं दोन वर्षांचं. दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात ते इतकं वाढलं की मशीनवरून उठताना ती आधी खाटेचा गज धरी, मग भिंत, मग कमरेवर हात ठेवून जरा वेळ तशीच उभी राही. डॉक्टरांनी सांगितलं, पायाचं मशीन बंद करा, नाहीतर चालणं बंद होईल. गोळ्या दिल्या. मावशी गोळ्या घेई आणि मशीनवर बसे.

तिचा मुलगा रवींद्र दापोड्याला एका गोडाऊनमध्ये माल पाठवण्याच्या कामावर होता. त्याने नाक्यावरच्या दुकानात चौकशी केली. मोटरचं मशीन आठ दिवस घरी वापरून बघायचं. पसंत पडलं तर नवीन ठेवायचं आणि जुनं दुकानदार किमतीत धरून घेऊन जाणार. नाही पडलं तर नवीन परत. रवींद्रच्या दृष्टीने यात ठरवण्यासारखं काही नव्हतंच.

मावशी मात्र रोज नवं कारण काढत होती. दुपारची तीन तास लाईट जाते, मग मोटरचं काय करायचं. माझ्या हाताला ह्याची सवय. नवीन मशीनला वास येतो. रवींद्र वैतागून मला म्हणाला, तूच समजाव, तू शिकलेली आहेस. मी काही समजावलं नाही. पण एका दुपारी हुक लावता लावता विचारलं, मावशी, खरं काय आहे?

तिने सुई थांबवली नाही. खाटेवर मामा भिंतीकडे तोंड करून झोपले होते. त्यांना ऐकू येणार नव्हतं, तरी ती आवाज खाली आणूनच बोलली.

"हे मशीन गेलं, तर ह्यांना कसं कळंल मी घरात हाय का न्हाय?"

आणि मग, "कुनाला सांगू नको. हसतील."

मी कुणाला सांगितलं नाही.

गुणाबाई पाटील म्हणून आगरी पाड्यातली एक बाई मावशीची जुनी गिऱ्हाईक. मे महिना म्हणजे तिच्याकडे लग्नांचा महिना. ती भाचीच्या हळदीचे सात ब्लाऊज घेऊन आली, तेव्हा मावशी खाटेचा गज धरून उठत होती. गुणाबाई दारातच थांबून बघत राहिली.

"काय गो बकुळा, मशीनशी लगीन लावलंस काय? सोडवत न्हाय तं."

"तुझे ब्लाऊज कोन शिवंल मग?"

"मोटर शिवंल. माझ्या भावानं भाताची शेतं दिली, थय गोडाऊन उभं र्‍हायलं. तुला एक मशीन देववत न्हाय."

मावशी नुसती हसली. गुणाबाईने जाताना मामांच्या पायांकडे हात केला आणि म्हणाली, हा बरा, राजासारखा झोपलाय. बोलण्यात वाईट काही नव्हतं. पण त्यानंतर बराच वेळ मावशीने पायडल मारलं नाही, आणि मामा उठून बसले.

बुद्धपौर्णिमेला आठ दिवस होते, तेव्हा नवीन मशीन आलं. दुकानाचा मेकॅनिक महादू टेंपोतून घेऊन आला. हाच महादू इतकी वर्षं जुन्या मशीनला तेलपाणी करायला येत असे. विजेचा पॉईंट खिडकीकडच्या भिंतीला, म्हणून नवीन मशीनचं टेबल तिकडे लागलं. टेबलाला खालून रबराचे पाय. जुनं मशीन त्याने आणि रवींद्रने उचलून पडवीत ठेवलं. खाटेच्या पायथ्याशी फरशीवर चार गोल डाग राहिले, तीस वर्षांचे. महादू म्हणाला, शनिवारी येतो, दोन्हीतलं एक न्यायला.

मशीन चांगलंच होतं. पाय नुसता टेकवला की पळायचं. मावशीचा पाय मात्र टेकवायला शिकलेला नव्हता, दाबायला शिकलेला होता. पहिले दोन दिवस शिवण कापडाबाहेर पळत होती. ती उसवायची, पुन्हा घालायची. गुडघा मात्र दुखत नव्हता. हे तिने मला दुसऱ्या संध्याकाळी सांगितलं, काहीशा अपराधी आवाजात.

मामांची झोप पहिल्या दिवसापासून गेली. ते आडवे व्हायचे, दहा मिनिटांनी उठून बसायचे. खिडकीकडे बघायचे. मावशीची पाठ दिसली की पुन्हा आडवे. कधी ती कापड आणायला पडवीत गेलेली असे, मग त्यांची हाक येई, साऱ्या वस्तीला ऐकू जाईल अशी. "रवीची आय, गेलीस काय?" ती धावत आत येई. एकदा ते उठून तिच्या मागे येऊन उभे राहिले, तिला कळलं नाही, ती दचकली आणि सुई नखातून आरपार गेली. बोटाला चिंधी बांधून ती पुन्हा बसली. काय झालं म्हणून मामांनी विचारलं, तर तिने हाताने खूण केली, काही नाही.

झोप का येत नाही असं रवींद्रने त्यांना कानाशी जाऊन विचारलं. ते म्हणाले, उकडतंय.

गुरुवारपर्यंत मावशीचं ठरल्यासारखं झालं होतं. ती माझ्याशी तसं बोलली नाही, पण जुन्या मशीनवरची धूळ पुसताना मी तिला दोनदा पाहिलं. नवीन परत द्यायचं. गुडघ्याचं काय ते बघून घेऊ.

शनिवार पौर्णिमेचा. सकाळी विहारासमोर पंचशील ध्वज चढवायचा, आणि तो मावशीने शिवायचा हे दरवर्षीचं. त्याची शिलाई ती घेत नसे. या वर्षी विहाराला नवा उंच खांब मिळाला होता, म्हणून ध्वजही मोठा हवा होता. निळा, पिवळा, तांबडा, पांढरा, केशरी असे पाच उभे पट्टे, आणि शेवटी सगळे रंग आडवे जोडलेला सहावा. प्रत्येक शिवण दोनदा, कारण वाऱ्यावर उसवायला नको. मावशीने पट्टे गुरुवारी कापले, शुक्रवारी शिवायचे ठरवले.

शुक्रवारी तिने सकाळभर गुणाबाईचे शेवटचे दोन ब्लाऊज संपवले, कारण ते न्यायला माणूस येणार होता. जेवून ध्वज घेतला. निळा आणि पिवळा जोडला, पिवळ्याला तांबडा जोडत असताना लाईट गेली. ती रोजच जायची, दोनला जाऊन पाचला यायची. आम्ही थांबलो. पाच वाजले, साडेपाच झाले, लाईट आली नाही. कुणीतरी सांगत आलं की नाक्याकडे काहीतरी जळलंय, आज येणं कठीण. विहारातून एक बाई विचारून गेली, झालाय का. मावशी म्हणाली, झालाच आहे.

मग ती उठली, पट्टे गोळा केले आणि पडवीत जुन्या मशीनवर जाऊन बसली. सात दिवसांत पायाला आराम मिळाला होता, त्याचं फळ असं की पाय आता अजिबात तयार नव्हता. तिने चाकाला हात लावून पायडल दाबलं. चार टाके पडले आणि ती थांबली. पुन्हा दाबलं. मी पाहिलं, तिने खालचा ओठ दातांत धरला होता. मी मारते म्हटलं, तर म्हणाली, तुला सवय न्हाय, कापड खाईल.

मामा पडवीच्या पायरीवर बसले होते, मशीनच्या पलीकडच्या बाजूला. ते बघत होते. किती वेळ बघत होते कुणास ठाऊक. तसेच बसल्या जागी सरकले, चप्पल काढली आणि पलीकडून पाय आत घालून पायडलवर ठेवला.

मावशीने मान हलवली. त्यांनी पाय काढला नाही. तिने मग आपले पाय मागे घेतले.

त्यांनी दाबलं आणि पहिल्याच फेऱ्यात दोरा तुटला. तिने पुन्हा ओवला. पुन्हा तुटला. शिलाई मशीनचं चाक एकाच दिशेला फिरायला हवं. उलटं फिरलं की दोरा अडकतो आणि तुटतो. हे लहान पोरालाही माहीत असतं. पण मामा लूमवाले. लूमवर दोरा नेणारा धोटा डावीकडून उजवीकडे जातो तसाच उजवीकडून डावीकडे येतो, आणि दोन्ही खेपेला कापडच विणलं जातं. एकोणतीस वर्षं त्यांना दोन्ही दिशा सारख्याच होत्या. त्यात ते बसलेही उलट्या बाजूला. तिसऱ्यांदा दोरा तुटला तेव्हा ते मोठ्याने म्हणाले, "तुझं मशीनच उलटं हाय." आणि त्या आठवड्यात पहिल्यांदा मावशी हसली.

तिने युक्ती केली. वरचं चाक आपल्या हाताने पुढे ढकलायचं, आणि पायडल त्यांच्याकडे वर आलं की आपल्या पायाने त्यांच्या पायाला ठोसा द्यायचा. ठोसा लागला की त्यांनी दाबायचं. थांबायचं असेल तेव्हा आपला पाय त्यांच्या पायावर सपाट ठेवायचा. ऐकू तर येणार नव्हतं. दहा-बारा टाके वेडेवाकडे गेले, मग जमलं. चाक फिरू लागलं. मी पट्टा धरून उभी होते. तांबडा जोडला गेला, मग पांढरा. रस्त्याने जाणारी माणसं थांबून बघत, कुणी काही बोलत, मामांना ते कळत नव्हतं आणि मावशी मान वर करत नव्हती. शेवटच्या शिवणीला अंधारायला आलं होतं. मामांचा घाम हनुवटीवरून मांडीवर पडत होता. मध्ये त्यांनी दोनदा पाय बदलला.

ध्वज झाला. मावशीने घडी घातली. मामा पायरीवरून उठायला गेले आणि उठता येईना, पोटरीत गोळा आला होता. ते तसेच बसून राहिले, पोटरी दाबत, आणि मशीनकडे बघत. मी आत पाणी आणायला गेले, परत आले तेव्हाही ते तसेच बघत होते.

सकाळी ध्वज चढला. चढवण्याआधी मी मुद्दाम जवळ जाऊन पाहिलं, तांबड्या पट्ट्याची शिवण मध्येच थोडी नागमोडी होती. खालून कुणाला दिसत नव्हती.

बुद्धवंदना संपवून सगळे घरी येतात न येतात तोच महादू टेंपो घेऊन आला. मावशी पांढऱ्या साडीतच पुढे झाली आणि म्हणाली, नवीन मशीन घेऊन जा. रवींद्र काही बोलणार होता. तिने हात वर केला. माझं ठरलंय, म्हणाली.

मामा लंगडत बाहेर आले. त्यांनी महादूकडे बघितलं, खोलीत बोट दाखवणाऱ्या मावशीकडे बघितलं, आणि पडवीतल्या जुन्या मशीनवर हात ठेवला.

"ह्ये ने."

मावशी त्यांच्या कानाशी गेली. हळू बोलून भागत नव्हतं. जे तिने माझ्याशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं, ते तिला मुलासमोर, महादूसमोर आणि पडवीबाहेर थांबलेल्या चार बायकांसमोर ओरडून सांगावं लागलं.

"हे मशीन गेलं, तर मी घरात हाय का न्हाय ते तुम्हाला कसं कळंल? तुमची झोप जाईल."

कुणी हसलं नाही.

मामांनी तिच्याकडे बघितलं. या वेळी त्यांचा आवाज मोठा नव्हता. आवाज लहान कसा करायचा हे त्यांना आठवलं असावं.

"काल तासभर पायडल मारलं. पोटरी अजून दुखतीय. तू तीस वर्सं मारलंस." मग म्हणाले, "आन मी झोपलो."

मावशीने मशीनचा खण ओढला, आतल्या बॉबिनी, एक मोडकी कात्री, बटणांची डबी पदरात घेतली, तेलाची छोटी कुपी महादूला दिली आणि आत निघून गेली. मशीन टेंपोत चढवायला मामांनी हात लावला. टेंपो वळून दिसेनासा झाला तरी ते पायरीवर उभे होते. एक पाय उचलून, दुखऱ्या पोटरीला आराम देत.

त्या दुपारी त्यांनी खाट ओढून खिडकीकडच्या टेबलाला लावली. काही उपयोग झाला नाही. टेबलावर तळहात ठेवून त्यांनी बघितलं, आणि मावशीला म्हणाले, मुंग्या आल्यावानी लागतंय, ह्यात तू न्हायस. ती म्हणाली, सवय होईल. झाली असं मी म्हणणार नाही. ते आता दिवसा फारसे झोपत नाहीत. खाटेवर बसून तिच्या पाठीकडे बघतात. बाहेर जाताना ती त्यांच्या गुडघ्याला हात लावून जाते, परत आली की पुन्हा लावते. गुडघा तिचा बरा होतो आहे, पूर्ण होणार नाही असं डॉक्टर म्हणतात. रवींद्र म्हणतो, बघ, उगाच घाबरत होतीस.

एक गोष्ट मात्र कुणाच्या ध्यानात आली नव्हती. जुनं मशीन लाईटसाठी थांबत नसे, म्हणून मावशीही कधी थांबली नव्हती. दुपारी दोन ते पाच ती तीस वर्षं जागी राहून मशीनवरच होती. आता लाईट गेली की मशीन बंद पडतं. पहिले काही दिवस ती तशीच स्टुलावर बसून राही, हात मांडीवर ठेवून, काय करावं ते न सुचून. मग एके दिवशी खाली चटईवर आडवी झाली.

मेच्या शेवटी मी हुक लावलेले ब्लाऊज द्यायला गेले तेव्हा ती झोपलेली होती. तोंड किंचित उघडं, बोटाला अजून ती चिंधी, एक हात खाटेच्या पायाला लागलेला. पाच वाजून गेले होते. मामा खाटेवर जागे बसले होते. मी दारातच थांबले.

तेवढ्यात लाईट आली. मामांना पंख्याचा आवाज ऐकू येत नाही, पण मानेवर वारा लागल्यावर त्यांनी वर बघितलं. मशीनवरचा छोटा दिवा लागला होता आणि खाली अर्धी शिवलेली बाही तशीच होती. त्यांनी दिव्याकडे बघितलं, मावशीकडे बघितलं. मग वाकून, खाट हलू न देता, बटणाकडे हात नेला आणि दिवा बंद केला.

मी ब्लाऊज उंबऱ्यावर ठेवले आणि घरी आले.